चालवायला आणि चालायला

बुटाला दगा द्यायचाच असेल तर त्यानं तो घरी द्यावा, चारचौघांत देऊ नये. पण तिच्या उजव्या बुटाला एवढी अक्कल असती तर काय हवं होतं. बसमधून उतरून ती दहा पावलंही गेली नसेल, तोच पुढून सोल सुटला आणि फटक फटक करत रस्त्याला थापडा मारायला लागला. वरून बुरबुर पाऊस. लंगडी घालत जावं, तर डावा पाय नुकताच प्लॅस्टरमधून सुटलेला. त्यात खांद्याला रिकाम्या बाटल्यांची खणखणणारी पिशवी. कशीबशी फरफटत ती जे पहिलं उघडं दार दिसलं त्याच्या पायरीवर जाऊन उभी राहिली.

आतून चामड्याचा आणि मेणाचा वास आला. कोपऱ्यातल्या शिलाई मशीनवरून एक तिशीचा माणूस उठून दाराशी आला. त्यानं तिच्या पायांकडे पाहिलं. फक्त पायांकडे.

"आत या," तो म्हणाला. "डावा जपून टेका."

"फाटलाय उजवा," ती म्हणाली.

"बूट उजवा फाटलाय. दुखतोय डावा."

ती चाटच पडली. गेले दोन महिने डॉक्टरांपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना ती 'अजिबात दुखत नाही' असं सांगत आली होती, आणि सगळ्यांनी ते मुकाट्यानं मानलंही होतं.

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

"नाही. बूट करतो." एवढं बोलून तो फाटका बूट घेऊन परत मशीनपाशी गेलासुद्धा. तिच्या तोंडाकडे म्हणून त्यानं बघितलं नव्हतं.

ती मनात म्हणाली, पाण्याचे नमुने गोळा करण्यात माझा जन्म चालला, पण असला नमुना आज पहिल्यांदाच भेटला.

"तू मनाला लावून घेऊ नकोस हं," काउंटरमागून आवाज आला. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, केसांत पेन्सिल खोचलेली, अशा एक बाई तिच्यासाठी स्टूल सरकवत होत्या. "माझा भाचा. घुम्या आहे एक नंबरचा. गिऱ्हाइकाशी बोलायचं काम माझं, बूट करायचं त्याचं. मी चिठ्ठीवर लिहून देते, तो चिठ्ठीबरहुकूम करतो. मला आत्या म्हण, सगळी गल्ली म्हणते. आता सांग, काय हवंय?"

खरं तर तिला फक्त सोल चिकटवून हवा होता. पण आत्यांनी 'सांग' असं काही म्हटलं की समोरचं माणूस पोटातलं सगळं ओकून मोकळं होत असे. तिनंही सांगितलं. ती पाणी खात्यात होती. डोंगरातल्या सहा झऱ्यांचं पाणी बाटल्यांत भरायचं आणि सहा तासांच्या आत प्रयोगशाळेत पोचवायचं, हे तिचं काम. डोंगरातले लोक तिला 'पाणीवाली' म्हणत. दोन महिन्यांपूर्वी ती शेवाळावरून घसरली आणि डावा घोटा मोडला. आता साहेबांनी मुदत दिली होती, महिनाअखेरीपर्यंत. त्या दिवशी साहेब स्वतः बरोबर येणार, तिची एक पूर्ण फेरी बघणार. लंगडली, तर डोंगर बंद आणि टेबल सुरू.

"टेबल काय वाईट आहे गं?" आत्या म्हणाल्या. "पंखा असतो वर."

"टेबलाचं काही नाही हो. पण सहावा झरा फार आडबाजूला आहे. माझ्या जागी जे यायचे ते आत्ताच म्हणतायत, पाच पुरेत, सहावा यादीतून काढा. अकरा घरं पितात त्याचं पाणी. कुणी तपासायलाच गेलं नाही, तर एखाद्या दिवशी..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. "माझ्याकडे दोन जोड आहेत. एक मोटारसायकलचा. घोट्याला छान घट्ट, पण त्यात चालायचं म्हणजे पायात नळकांडी घालून चालायचं. दुसरा चालण्याचा, हाच, आत्ता फाटला तो. म्हणून मला असे हवेत की गाडी चालवायला पण आणि चालायला पण..."

घर्रर्र. नेमकं तेव्हा मागे मशीन सुरू झालं.

"चालवायला पण आणि चालायला पण," ती ओरडून म्हणाली.

"ऐकलं गं बाई, लिहिलं," आत्या म्हणाल्या. त्यांनी केसांतली पेन्सिल काढून चिठ्ठी खरडली, खिळ्याला अडकवली आणि डोळ्याच्या कडा पुसल्या. अकरा घरांचं ऐकून त्यांना भरून आलं होतं.

माप घ्यायला तो आला तेव्हा फरशीवर कागद पसरून गुडघ्यांवर बसला. तिचं पाऊल कागदावर ठेवलं आणि कडेनं पेन्सिल फिरवायला लागला. ती दचकून हलली.

"हलू नका."

"गुदगुल्या होतात."

"मग दुसरीकडे बघा."

"कुठे बघू?"

"कुठेही. माझ्याकडे नको." त्याचे कान लाल झाले होते. तिला फार मजा वाटली.

मग त्यानं अंगठ्यानं डाव्या घोट्याभोवती चाचपलं, इतकं अलगद की तिचा हसण्याचा विचारच मावळला. "इथे... आणि इथे. चढताना नाही, उतरताना दुखतं. बरोबर?"

"हो," ती म्हणाली, आणि स्वतःचंच तिला नवल वाटलं. "पण कुणाला सांगू नका."

"मी कुणाशी बोलतच नाही," तो म्हणाला. मग जरा घुटमळून, "चिठ्ठी वाचली. आत्यानं दोनदा लिहिलंय. म्हणजे फारच गरज आहे."

"आहेच," ती म्हणाली. दोघांचं मस्त एकमत झालं. कशावर, ते दोघांनाही ठाऊक नव्हतं.

त्यानंतर ती तीनदा बूट घालून बघायला गेली. एकदाच बोलावलं होतं. उरलेल्या दोन वेळा ती 'सहज, जाता जाता' गेली. दुकान तिच्या घराच्याही वाटेवर नव्हतं आणि ऑफिसच्याही. डॉक्टरांनी अजून गाडीला हात लावायला बंदी केलेली, त्यामुळे मोटारसायकल ऑफिसच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडली होती आणि ही बाई दोन बस बदलून 'जाता जाता' येत होती. आत्यांना काय समजायचं ते समजलं होतं. ती आली की त्यांना हटकून आत काहीतरी काम निघायचं.

"चाला," तो म्हणायचा. ती दारापासून भिंतीपर्यंत चालायची. "आता त्या फळीवरून उतरा." भिंतीला टेकवलेली उतरती फळी होती, तिच्यावरून ती उतरायची. तो खाली बसून बघायचा. एकदा ती फळीवर मध्येच थांबली.

"काय झालं? टोचतंय?"

"नाही. तुम्ही वर बघता का ते बघत होते."

त्यानं वर बघितलं. डोळे तपकिरी होते, आणि त्यात चांगलंच हसू होतं. इतके दिवस हा माणूस ते जमिनीवर वाया घालवत होता.

"बघितलं," तो म्हणाला. "आता उतरा."

बूट झाले. बदामी रंगाचे, लोण्यासारख्या मऊ चामड्याचे, वरपर्यंत लेस. ते चढवून ती दुकानभर चालली, तर पायांत काही आहे हेच कळेना. तो दाराला टेकून उभा होता. "असे बूट मी आजवर केले नव्हते," तो म्हणाला. एवढं लांब वाक्य, आणि तेही न विचारता. घरी जाईपर्यंत ती बसमध्ये स्वतःच्याच पायांकडे बघत बसली होती.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांनी गाडीची परवानगी दिली. तिनं ताडपत्री काढली, किक मारली, आणि तिसरा गिअर टाकेपर्यंत तिची खात्री पटली की हे बूट गाडीवर चालायचे नाहीत. डाव्या चवड्यानं गिअर वर उचलायचा, तर मऊ चामड्यातून दांडा थेट बोटांवर बसत होता. उजव्या पायाला सायलेन्सर लागून सोलची कड वितळली. घोट्याला तर आधारच नव्हता. आणि शेवटच्या वळणावर लेसचा फासा गिअरच्या दांड्यात अडकला. थांबताना पाय खाली येईना. गाडी कलली, आणि ऐनवेळी लेस तुटली म्हणून निभावलं. पाय टेकला तो नेमका दुखऱ्या घोट्यावर.

आता शहाण्या माणसानं काय करावं? दुकानात जावं, बूट पुढ्यात ठेवावेत आणि सांगावं, बाबा रे, हे असं असं झालं. पण तिला तो दाराला टेकलेला माणूस दिसायचा आणि तोंडाला कुलूप लागायचं. तुटक्या लेसला गाठ मारून तिनं चार दिवस दातांवर दात आवळत त्याच बुटांत गाडी चालवली. पाचव्या दिवशी ती दुकानात गेली. फक्त नवी लेस घ्यायला, असं तिनं स्वतःला बजावलं होतं.

"छान आहेत हो बूट," ती शिरता शिरता म्हणाली. "लेस तेवढी द्या."

त्यानं लेस दिली नाही. खाली बसून डावा बूट काढून घेतला आणि उजेडात धरला. चवड्यावरच्या काळ्या डागावरून बोट फिरवलं. मग उजवा घेतला, वितळलेली कड बघितली.

"हे घालून तुम्ही मोटारसायकल चालवलीत?"

"मग? त्यासाठीच तर केलेत."

"हे चालायचे आहेत."

"चालायचे आणि चालवायचे. मी आत्यांना दोनदा सांगितलं होतं. ओरडून."

तो उठला आणि खिळ्यावरच्या चिठ्ठ्यांमधून एक उपसून तिच्या हातात दिली. आत्यांच्या किरट्या अक्षरात लिहिलं होतं: 'पाणीवाली. डावा घोटा नाजूक. चालायला पण, चालायला पण.'

"मला वाटलं," तो हळू आवाजात म्हणाला, "खूप चालायचं असेल, म्हणून दोनदा."

तिला हसू फुटलं. अगदी आवरेना. आत्या चष्मा सावरत आल्या, चिठ्ठी डोळ्यांपासून लांब धरली, जवळ धरली. "अगं बाई. एक 'व' राहिला की. असू दे, एका अक्षरानं काय होतंय?"

"एका अक्षरानं हिचा घोटा परत मोडला असता, आत्या." तो एवढ्या जोरात कधी बोलत नसे. तिचं हसू थांबलं. 'हिचा' म्हणाला होता तो, पण त्याचं त्यालाच भान नव्हतं. तो तिच्याकडे वळला. "चार दिवस दुखलं ना? मग सांगायचं नाही?"

"तुम्ही इतक्या हौसेनं केले होते..."

"हौस माझी, घोटा तुमचा. बूट गेले खड्ड्यात. मी दहा करीन. तुम्हाला काही झालं असतं तर मी काय..." तो पाठ फिरवून उगाचच आरी-रापी वगैरे हत्यारं नीट लावत बसला. तिला फार वाईट वाटलं. त्याचं मन राखायचं म्हणून तिनं दुखणं लपवलं होतं, आणि नेमकं त्याच लपवण्यानं त्याचं मन दुखावलं होतं.

साहेबांच्या फेरीला पाच दिवस उरले होते.

"पाच दिवसांत होतील?" तिनं विचारलं.

"होतील. पण मला आधी बघावं लागेल. मी जन्मात मोटारसायकलवर बसलेलो नाही. पाय तिथे काय काय करतो, मला काय माहीत?"

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिच्या मागे बसला. बसला म्हणजे काय, डोळे मिटून, मागची कडी दोन्ही हातांनी धरून, अंग चोरून बसला.

"डोळे मिटून पाय कसा दिसणार?" ती आरशात बघत म्हणाली.

"उघडतो. पुढच्या वळणानंतर."

"पुढे वळणंच आहेत सगळी."

एका खड्ड्याला त्याचा हात कडीवरून सुटून तिच्या खांद्यावर आला. तो म्हणाला, "माफ करा." ती म्हणाली, "राहू द्या, पडाल." मग तो राहिला. हळूहळू तो वाकून तिचा डावा पाय बघायला लागला, आणि मग मात्र घुम्याचं तोंड सुटलं. "गिअर बोटांनी नाही, चवड्याच्या वरच्या अंगानं उचलता तुम्ही... उभं राहताना डावाच टेकता... आणि पाय फूटरेस्टच्या मध्यावर ठेवता." वाऱ्यात अर्धं उडून जात होतं. ती मुद्दाम 'काय म्हणालात?' म्हणायची, म्हणजे तो पुढे वाकून कानाशी बोलायचा.

रस्ता संपला तिथून ते पहिल्या झऱ्यापर्यंत चालत गेले. ती पुढे, तो मागे. झऱ्यापाशी दगडावर बसून त्यानं खिशातून कागद काढला.

"एक खरं सांगू? दोन्हीला शंभर टक्के जमतील असे बूट कुणालाच करता येत नाहीत. गाडीला कडकपणा लागतो आणि चालण्याला लवचीकपणा. थोडं ह्याचं सोडायचं, थोडं त्याचं. काय सोडायचं ते तुम्ही ठरवा."

"तुम्ही काय सोडाल?"

"घोट्याचं काही सोडणार नाही. दोन्ही बाजूंनी आतून कडक वाट्या बसवतो. उंची घोट्याच्या चार बोटं वर, त्याहून जास्त नाही, नाहीतर चढताना पोटरीला काचेल. सोल मध्ये ताठ, चवड्याशी वाकता. त्याची कड अशी, की सायलेन्सरला लागली तरी वितळणार नाही. नक्षी खोल हवी, पण फूटरेस्टवर अडकण्याइतकी नको. लेस आत, वरून झडप आणि बाहेरच्या अंगाला बक्कल. डाव्या चवड्यावर दुहेरी चामडं. पण वजन वाढेल. आणि दिसायला त्या बदामींसारखे नाही दिसायचे."

"वजन चालेल," ती म्हणाली. "दिसण्याचं राहू द्या."

"त्या बदामींत तुम्ही..." तो कागदाची घडी घालायला लागला. "छान दिसत होतात."

"मी का बूट?"

त्यानं झऱ्यात हात बुडवून तोंडावर पाणी मारलं. सकाळच्या गार वाऱ्यात पाणी मारून घेण्याइतकं काही उकडत नव्हतं.

बूट चौथ्या दिवशी झाले. काळे, ठेंगणे, दणकट. त्यांना बघून कुणी 'वा' म्हटलं नसतं. तिनं ते घालून फळीवरून उतरून बघितलं, शेडमधून आणलेल्या मोटारसायकलवर बसून गल्लीत दोन चकरा मारल्या, गिअर टाकले, ब्रेक दाबले, आणि मग म्हणाली, "टाच किंचित चावतेय. उजवी." त्याचा चेहरा उजळला. टाच चावतेय म्हटल्यावर एवढा खूश झालेला माणूस तिनं कधी पाहिला नव्हता.

फेरीच्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं होतं. रस्ता संपेपर्यंत ती मोटारसायकलवर आणि साहेब जीपनं आले, पुढे दोघंही पायी. पहिल्या दोन झऱ्यांपर्यंत ते तिच्या पायांवर डोळा ठेवून होते. तिसऱ्यानंतर स्वतःच्या पायांवर. त्यांचे नवे चकचकीत बूट त्यांना चावत होते. पाचव्या झऱ्यापाशी ते दगडावर बसले, मोजे काढले आणि म्हणाले, "सहावा किती लांब?"

"एक चढ आणि एक उतार, साहेब."

"तू जाऊन ये. मी इथून बघतो."

इथून काही दिसत नव्हतं, ते दोघांनाही माहीत होतं. ती गेली, बाटली भरली, झाकण लावलं, वेळ लिहिली. अकरा घरांपैकी एका घरातून एक म्हातारी बाहेर आली आणि म्हणाली, "पाणीवाली, होतीस कुठे इतके दिवस?" तिनं म्हातारीला भरलेली बाटली उंच धरून दाखवली. उतारावर घोटा दुखायला लागला, तेव्हा ती दोनदा बसली, आणि उठली. साहेबांसमोर आली तेव्हा ती सरळ चालत होती. प्रयोगशाळेत बाटल्या पोचल्या तेव्हा सहा तासांना अजून वीस मिनिटं बाकी होती.

ती थेट दुकानात गेली. आत्या दारातच उभ्या होत्या. "आलीस बाई एकदाची. सकाळपासून एकच टाका घालतोय आणि उसवतोय. मला वेड लावायचं बाकी ठेवलंय ह्यानं."

तो मशीनमागून उठून आला.

"झाली फेरी," ती म्हणाली. "सहाही. साहेब म्हणाले, टेबलावर दुसरं कुणीतरी बसेल. सहावा यादीत राहिला."

त्यानं इतका मोठा श्वास सोडला की काउंटरवरच्या चिठ्ठ्या हलल्या. मग विचारलं, "आणि पाय?"

'ठीक आहे' असं तिच्या ओठांवर आलंच होतं. सवयच ती. तिनं ते गिळलं.

"उतरताना दुखला. दोनदा बसावं लागलं. साहेबांना कळलं नाही, आणि मी सांगितलंही नाही. डॉक्टरांनाही बहुतेक नाही सांगणार. तुम्हाला सांगतेय."

"मलाच का?"

"कारण तुमच्यापासून काही लपवायचं नाही, असं मी ठरवलंय. आजचंच नाही..." ती थांबली. एवढा डोंगर चढून आली होती, पण हा चढ तिला जड गेला. "पुढचंही. कायमचं."

आत्यांनी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा भाच्याकडे. "अरे, बोल की मेल्या काहीतरी," असं पुटपुटल्या आणि आत पाणी तापवायला निघून गेल्या.

त्यानं स्टूल पुढे ओढलं. "बस," तो म्हणाला. "पाय वर घे. शेक द्यायला हवा."

ती उभीच राहिली. "बस म्हणालात?"

"हो."

"चुकून?"

"नाही." तो तिच्याकडे बघत होता, सरळ, तोंडाकडे. "चार दिवस आरशासमोर म्हणून बघतोय. मला तू फार आवडतेस. बोलता येत नाही मला, तू बघतेसच. पण तुला दुखलं की मला काम सुचत नाही. हे असंच जन्मभर राहिलं तरी... माझी तक्रार नाही."

बाहेर पाऊस लागला होता. ती स्टुलावर बसली आणि डावा पाय त्याच्या गुडघ्यावर ठेवला. तो बक्कलाशी वाकला.

"हळू काढ रे," ती म्हणाली. "दुखतोय."